गडग्याच्या आत

आमचं जलसाठा महामंडळ हवेत किती घाण सोडतं, ते दरवर्षी कागदावर लिहून वर पाठवायचं हे माझं काम. आणि ते करताना हवेकडे बघायची कधी गरज पडली नाही.

पद्धत सोपी होती. कार्यालयांची वीज घ्यायची, जीपचं डिझेल घ्यायचं, एसीत भरलेला गॅस घ्यायचा. प्रत्येकाला केंद्राच्या तक्त्यातल्या आकड्याने गुणायचं, बेरीज मारायची, खाली सही. याला उत्सर्जन अहवाल म्हणतात. काट्यावर न चढता, आपण किती भाकऱ्या खाल्ल्या यावरून आपलं वजन सांगायचं, त्यातला हा प्रकार. आणि भाकऱ्याही आपणच मोजायच्या. एका वर्षी आम्ही चहाच्या कागदी कपांचासुद्धा हिशेब दिला. त्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते साहेबांच्या केबिनमध्ये गणपतीशेजारी टांगलेलं आहे.

त्याच अहवालात एक रकाना होता, 'जलाशयांतून होणारे उत्सर्जन'. त्याच्यासमोर 'लागू नाही' असं छापूनच यायचं. ज्या महामंडळाचं सगळं पोट तलावांवर चालतं त्याला तलावच लागू नाहीत. कपांचा हिशेब आहे, तलावाचा नाही. मागच्या वर्षीची प्रत समोर ठेवून या वर्षीचं सत्य लिहायचं, अशी सरकारात पद्धत आहे. आणि ती पद्धत कुणी एकट्याने काढलेली नसते, म्हणून तिच्याबद्दल कुणा एकट्याला लाज वाटत नाही.

मग 'मोजून सांगा' कायदा आला. दोन हजार त्रेचाळीस साल. गुणाकार बंद. सरकारी खात्याने आपल्या सीमेतला वायू यंत्राने मोजायचा. ज्याच्या सीमेत वायू, त्यानेच तो थांबवायचा. आणि कसा थांबवायचा, तो उपाय मोजणी अधिकाऱ्याने अहवालातच लिहायचा. लिहिला की तो खात्यावर बंधनकारक. सही मोजणी अधिकाऱ्याची एकट्याची.

मोजणी अधिकारी मी. रोशनी ढेबे.

आमचे अधीक्षक अभियंता तांबवेकर साहेब खुशीत होते. दिवे सौर झाले होते, जीपा विजेवर आणता येतील तेवढ्या आणल्या होत्या. राज्यातलं पहिलं 'शून्य खातं' म्हणून आमचं नाव जाहीर व्हायचं होतं. मंडपवाला ठरला होता.

आणि मोजणीच्या यादीत पहिलं नाव निघालं कुंभेरी धरणाचं.

कुंभेरीच्या तलावाच्या तळाशी वेळंबेवाडी आहे. माझ्या आईबापाचं गाव. मी तिथली नाही, मी पुनर्वसनातली. माझा जन्म झाला तोवर गावावर पाणी चढून वर्षं लोटली होती. माळावर चौकोन आखून दिलेल्या नव्या वेळंबेवाडीत मी वाढले. आमच्या लोकांनी डोंगरातल्या म्हशी विकल्या आणि माळावर सावली शोधत बसले. सावली एकच होती, एसटीच्या शेडची.

* * *

मे महिन्यात मी कुंभेरीला पोचले तेव्हा डॉक्टर मुकादमांनी यंत्र लावून ठेवलं होतं. इम्रान मुकादम, दाभोळच्या खाडीकाठचे. हे यंत्र बनवणाऱ्या गटातले. लेझरच्या पेटीशी लेकराशी बोलावं तसं बोलायचे. यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं. सगळे त्याला फणी म्हणायचे.

"सोपं आहे," ते म्हणाले. "प्रत्येक वायूला ठरावीक रंगांचीच भूक असते. त्यांतले बरेच रंग आपल्या डोळ्याला दिसत नाहीत, पण ते असतात. आपला लेझर असे लाखो रंग एका ओळीत उभे करतो. अगदी सारख्या अंतरावर, फणीच्या दातांसारखे. ही उजेडाची फणी तलावावरून पलीकडच्या आरशाकडे पाठवायची आणि परत घ्यायची. वाटेत मिथेन असेल तर तो आपले दात खाऊन टाकतो. कार्बन डायऑक्साइड वेगळे दात खातो. परत आलेल्या फणीचे कुठले दात पडलेत ते बघायचं. खाणारा कोण ते कळतं, आणि किती खाल्लं त्यावरून तो किती होता तेही कळतं."

"आणि कुठे होता ते?"

त्यांनी डोंगराकडे हात केला. दरीच्या दोन्ही उतारांवर, पाण्याच्या कडेपासून पार वरपर्यंत, आरसे चमकत होते. "शेकडो किरण. उभे, आडवे, तिरके. दवाखान्यात डोक्याचं स्कॅन काढतात ना, तसं अख्ख्या दरीच्या हवेचं स्कॅन. आणि आकडे वाचायचा कंटाळा असेल तर हा चष्मा. जिथे मिथेन जास्त, तिथे निळा जास्त."

मिथेन कुठून येतो हे मला पुस्तकातून माहीत होतं. पाण्याच्या तळाशी हवा पोचत नाही. तिथे पालापाचोळा आणि गाळ कुजला की जिवाणू त्याचा मिथेन करतात. वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट जग तापवतो. पावसाळ्यात तलाव भरलेला असताना वरच्या पाण्याच्या ओझ्याखाली तो तळात दबून बसतो. मे महिन्यात पाणी उतरलं की सोड्याच्या बाटलीचं बूच निघावं तसा वर येतो. सगळं माहीत होतं.

सूर्य उगवायच्या थोडं आधी मी चष्मा लावला.

तलावाच्या मध्यावर जंगल उभं होतं.

पाण्यातून निळे खांब निघाले होते. काही मनगटाएवढे, काही चार माणसांच्या कवेत न मावणारे. एकाला लागून एक, दाट, शांत. सरळ वर जात होते. आणि खूप उंचावर, सगळे एकाच पातळीला पोचले की फुटत होते, फांद्या सुटाव्यात तसे पसरत होते, एकमेकांत मिसळून त्यांचं एकच अखंड छत झालं होतं. ते छत किंचित हलत होतं, श्वास घेतल्यासारखं. खाली पाणी आरशासारखं पडलं होतं. आवाज कसलाच नाही. मी चष्मा काढला. रिकामं पाणी, एक बगळा. पुन्हा लावला. जंगल.

मी कधी देवळात हात जोडत नाही. तिथे माझे हात आपोआप एकत्र आले, ते मी नंतर सोडवले.

मुकादम सर वर बोट दाखवत म्हणाले, "वरचं छत कळतंय. पहाटे दरीत थंड हवा साचते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. वायू झाकणाला टेकतो आणि आडवा पसरतो. पण हे खांब? बुडबुडे असे ओळीत चढतात ते कशाच्या तरी आधाराने. खाली उभी झाडं असणार. खोडाला धरून बुडबुडे चढतात, पोकळ खोड असेल तर धुराड्यासारखे." ते माझ्याकडे वळले. "पण तुमच्या नकाशात तर बुडीत क्षेत्र निर्वृक्ष दाखवलंय. झाडं तोडलेली आहेत म्हणून."

"कागदावर तोडली," मी म्हणाले.

मग ते होडीतून ध्वनियंत्र फिरवून आले. पाण्यात आवाज सोडायचा, तळावरून परत येतो तो ऐकायचा, त्यावरून तळाचा आकार काढायचा. पडद्यावर झाडांच्या भोवती एक रेषा उमटली. लांबट गोल. पूर्वेला एक फट.

"हे काय? भिंत?" मुकादम सर पडद्याला नाक लावून बघत होते. "आणि भिंतीच्या आत गाळ बघा. बाहेर कमरेएवढा आहे, आत दोन पुरुष खोल. सगळा वायू इथूनच येतोय. बाकीचा तलाव जवळजवळ गप्प आहे. कुणी बांधली ही?"

मला ती फट ओळखीची होती. लहानपणी आई राखेत बोट फिरवून तो आकार काढायची. ही सोमजाईची राई, हे दार, इथं चपला काढायच्या.

* * *

ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती मी पाहिलीच आहे असं मला वाटतं.

सोमजाईच्या राईतलं काही बाहेर न्यायचं नाही. वाळकी काटकी चुलीत घालायची नाही. पान पडलं तर ते जिथं पडलं तिथंच, तिच्या पायाशी कुजायचं. धरणाचं ठरलं तेव्हा ठेकेदाराने झाडं तोडायला लांबून मजूर आणले. आमच्या लोकांनी त्यांना अडवलंसुद्धा नाही. मजुरांनी कुऱ्हाडी दाराबाहेर ठेवल्या, आत गेले, वर बघितलं, नारळ फोडला आणि कुऱ्हाडी उचलून आल्या वाटेने निघून गेले. दुसरे आणले, तेही गेले. शेवटी महामंडळाने हुकमी कुऱ्हाड चालवली, शाईची. बुडीत क्षेत्र निर्वृक्ष.

पण आमच्या लोकांची काळजी वेगळीच होती. पाणी आत शिरलं की पानं वाहून जाणार. देवीचं पान रानोमाळ जाणार, कुणाच्याही पायाखाली येणार. म्हणून त्या शेवटच्या उन्हाळ्यात अख्ख्या वाडीने आपापली घरं उतरवली आणि घरांचे दगड नेऊन राईभोवती गडगा रचला. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. माझी आई तेव्हा नवी नवरी होती. संसार मांडायच्या आधी तिने तो उचलून देवीभोवती लावला.

आणि तो गडगा टिकला. पाण्याखाली पन्नास वर्षं होत आली, तो टिकला. पानं राखायला बांधलेला, त्याने पानं राखली. वरून डोंगराचा पाचोळा आला, माती आली, वरच्या रिसॉर्टांचा मैला आला, तेही राखलं. दरवर्षी थरावर थर. हवा नाही, उजेड नाही. आमच्या भक्तीने पाण्याच्या तळाशी मिथेनची भट्टी बांधली होती, आणि ती आमच्या घरांच्या दगडांची होती.

* * *

"ढेबे, बसा. चहा घ्या. कप काचेचा आहे, अहवालात धरू नका," तांबवेकर साहेब म्हणाले. ते विनोदी माणूस आहेत.

मी आकडा पुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला.

"हे सगळ्या धरणांचं मिळून?"

"एकट्या कुंभेरीचं. त्यातही एकट्या राईचं. आपली कार्यालयं, गाड्या, पंप सगळं एका पारड्यात टाका साहेब, हे पारडं हलत नाही."

त्यांनी गणपतीकडे बघितलं. मग म्हणाले, "कायद्यात मोजा म्हटलंय. कधी मोजा म्हटलंय का?"

"नाही."

"मग ऑगस्टमध्ये मोजा. तलाव भरलेला असतो. दाब असतो. वायू खाली बसतो. यंत्र खरं, आकडा खरा, सही खरी. खोटं काय आहे यात?"

मी आकड्याचा कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

"बरं, मे महिन्याचाच द्यायचा तर दुसरी वाट आहे. ही भिंत कुणाची? गावकऱ्यांची. बुडीत क्षेत्रातलं अनधिकृत बांधकाम. म्हणजे वायू त्यांचा, आपल्या सीमेबाहेरचा. आपण शून्यच."

"गावकरी म्हणजे माझी आई, साहेब."

"म्हणूनच म्हणतो, ऑगस्ट." ते पुढे झुकले आणि आवाज खाली आणला. "हे बघा, मी काही राक्षस नाही. तुम्ही मेचा आकडा लिहिलात तर उपाय लिहावा लागणार. उपाय एकच आहे, कुणालाही विचारा. सुरुंग लावून भिंत फोडायची, झाडं साखळीने ओढून काढायची, गाळ धरणाच्या खालच्या दारातून नदीत सोडून द्यायचा. देवी तुमची, लोक तुमचे. मला काय, मी बार्शीचा. पण तुम्हाला घरी तोंड दाखवता येईल? ऑगस्टला मोजलं तर देवी पण राहते, शून्य पण राहतं. सगळ्यांचं भलं."

सगळ्यात वाईट गोष्ट ही की मला ते पटलं. नीच सल्ला नीच माणसाने दिला तर तोंडावर मारता येतो. हा सल्ला माझ्या आईची देवराई हातात धरून आला होता. खोटं लिहिलं तर राई वाचते. खरं लिहिलं तर माझ्याच सहीने तिला सुरुंग लागतो. जिला महामंडळाची कुऱ्हाड लागली नाही तिला ढेब्यांच्या पोरीचं पेन लागणार.

मी चहा संपवला आणि सांगितलं, दोन दिवसांनी कळवते.

* * *

वैशाखात आई दरवर्षी कुंभेरीच्या काठावर जाते. गडव्यात दूध नेते आणि पाण्यात सोडते. त्या वर्षी मी तिला जीपमधून घेऊन गेले, उजाडायच्या आत पोचलो. बमाबाई ढेबे, पासष्टीची, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

"ही कसली पेटी?"

"फणी आहे, आये."

"फणी? उवा काढाया आणली व्हय?" ती मुकादम सरांकडे वळली. "मग सायेब, आधी ह्येंच्या महामंडळाच्या डोसक्यातनं फिरवा. लई घावतील."

मुकादम सरांना हसताना पेटीचा आधार घ्यावा लागला. "मावशी, तेच काम चाललंय."

मी तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला.

ती हलली नाही. मला वाटलं चष्मा चालू नाही. मग तिचा हात हळूच वर गेला आणि तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, मोठ्या माणसासमोर ओढतात तसा. मग ती काठावरच्या दगडांत पायातल्या चपला काढून उभी राहिली.

"दारातला बेहडा," ती म्हणाली. आवाज कुणा तरुण बाईचा असावा असा. "त्येच्या मागं जांभळी. दोन. एक वांझ व्हती, ती न्हाई का ती, बारकी. ह्यो नाणा. आन् ह्यो ऐन, ह्यो ऐन… गारंबी कुठं हाय गं? गारंबी व्हती दोन ऐनांच्या मधी, झोक्यावाणी." तिचं बोट हवेत हिंडलं आणि थांबलं. "ती बघ. तिरपी."

मी माझा चष्मा लावून बघितलं. दोन जाड खांबांच्या मधे एक बारीक निळा धागा खरोखरच तिरका चढत होता. त्या वेलीला धरून पाण्याच्या तळापासून वायू येत होता. पृथ्वीवरच्या सगळ्यांत नाजूक यंत्राने लाखो दातांनी हवा विंचरून जे शोधलं होतं, ते माझ्या आईने नावानिशी हाक मारून बोलावलं.

"हे खरं हाय का पेटीतलं चित्तर?"

"खरं आहे. पण ही झाडं नाहीत आये. झाडांच्या बुडाशी कुजतंय त्याचा वायू आहे. हा वर जातो आणि जग तापवतो. महामंडळाच्या सगळ्या गाड्या-कचेऱ्यांपेक्षा जास्त."

"सोमजाई?"

"सोमजाई नाही. गाळ." मला ते बोलायचं नव्हतं, पण तिच्यापासून लपवायचं असतं तर मी तिला आणलंच नसतं. "गडग्यामुळे साचला. गडगा नसता तर एवढा साचला नसता."

तिने चष्मा काढला नाही. त्याच्याखालून पाणी आलं ते पदराने टिपलं.

"माझ्या न्हाणीचा दगड हाय त्येच्यात," ती म्हणाली. "दाराच्या डाव्या अंगाला. म्या सोता लावलाय. आमी म्हनायचो, आमी राखली तिला." तिने मान हलवली. "राखली न्हाई. कोंडली की गं."

मग मी तिला सगळं सांगितलं. ऑगस्ट सांगितला, सीमा सांगितली, सुरुंग सांगितला. म्हणाले, "ऑगस्टला मोजलं तर कुणाला कळणार नाही. राई राहील."

"आन् ह्ये?" तिने वरच्या छताकडे बोट केलं.

"ते चालूच राहील."

"मग राहिली कशी? आं?" ती माझ्यावर वळली. चष्मा तसाच तिच्या डोळ्यांवर होता. "त्येंनी एकदा कागदावर तोडली. आता तू कागदावर झाकनार. त्येंच्यात आन् तुझ्यात फरक काय मंग? तुझी आय हितली, येवढाच?"

"सुरुंग लावतील, आये!"

"कसा लावतील? दगूड कुनाचा? ज्यानं रचला त्यानं उचलायचा. आमी हावोत अजून. जी मेली त्येंची पोरं हायती. हातानं लावलाय, हातानं काढू. झाडाला धक्का न्हाई लागनार. असं लिही."

"सरकारी अहवालात असं लिहीत नाहीत."

"तिथं काय लिवत्यात ते बघितलं की आत्ताच."

मुकादम सर मुद्दाम पेटीच्या मागे जाऊन बसले होते.

मी शेवटचं विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय काही लिहिता येणार नव्हतं. "आणि गाळ? तो बाहेर काढावा लागेल. म्हणजे पानं बाहेर येणार. तिच्या पायाशी राहणार नाहीत."

तिने पुन्हा तलावाकडे तोंड केलं. तेवढ्यात डोंगरावरून ऊन उतरलं. उबदार हवेचं झाकण मोडलं, आणि आमच्या डोळ्यांसमोर ते निळं छत फाटलं. आधी कडा उसवल्या. मग फांद्या सुटल्या, वर गेल्या, लांब धाग्यांसारख्या आभाळात ओढल्या गेल्या. एकेक खोड वाऱ्याने वाकलं, पातळ झालं, पुसलं. बेहडा सगळ्यांत शेवटी गेला. आख्खं जंगल उठून चालू लागावं आणि जगभर पांगावं, तसं ते गेलं.

आईने गडव्यातलं दूध पाण्यात सोडलं.

"बघितलंस? कुठं ऱ्हातंय पान पायाशी," ती म्हणाली. "चाललंय सगळं, गावोगाव." मग चष्मा माझ्या हातात देऊन म्हणाली, "पान तिच्या पायाशीच ऱ्हानार. तिचं पाय कुठं ठिवायचं ते आमी बघतो."

* * *

मी अहवाल त्याच आठवड्यात लिहिला. 'लागू नाही' वर रेघ मारली आणि मे महिन्याचा आकडा लिहिला. कारणात लिहिलं की झाडं तोडल्याचं दाखवलं, तोडली नव्हती. गडगा वेळंबेवाडीच्या लोकांनी स्वतःच्या घरांच्या दगडांनी बांधला. गाळ त्यात साचला. दोघांचंही लिहिलं, झाकलं कुणाचंच नाही. उपायात लिहिलं: पुढच्या उन्हाळ्यात तलाव तळापर्यंत उतरवावा. गडगा रचणाऱ्यांनी व त्यांच्या वारसांनी तो हाताने काढावा. गाळ महामंडळाच्या वाहनांनी नव्या वेळंबेवाडीच्या माळावर नेऊन पसरावा. एकही झाड तोडू नये, ओढू नये, जागचं हलवू नये.

तांबवेकर साहेबांनी वाचलं. पहिल्यांदा त्यांना विनोद सुचला नाही.

"सीमा कुठे घातलीत तुम्ही? गडगा आत धरलाय."

"साहेब, गाव घेतलंत तेव्हा तो आत होता. नकाशावर पाणी रंगवलंत तेव्हा आत होता. वीज विकलीत, पाणी विकलंत, तेव्हाही आत होता. मग वायू निघाल्यावर तेवढा बाहेर?"

"बदली होईल, ढेबे."

"होऊ दे."

"मंडप सांगितलाय हो मी."

"सावलीला होईल. माळावर पाठवा."

बदली झाली. वर्तमानपत्रांनी 'देवीचा गॅस' म्हणून आठवडाभर मजा केली. शहरातल्या शहाण्यांनी आमच्या लोकांना अडाणी म्हणून घेतलं, वरच्या रिसॉर्टातल्या थंडगार खोल्यांत बसून. शून्य खात्याचा मान दुसऱ्या कुठल्या तरी खात्याला गेला. त्यांच्या सीमेत काय काय बसत नाही ते देवाला माहीत. पण उपाय बंधनकारक होता, आणि महामंडळाला तलाव उतरवावा लागला.

पुढच्या उन्हाळ्यात वाडी आली. काठ्या टेकत आली, पुण्याच्या सोसायट्यांतून रजा टाकून आली, वाशीच्या बाजारातून आली. ज्यांनी दगड लावले होते त्यातले मूठभरच उरले होते. त्यांनी हात लावल्याशिवाय बाकीच्यांनी एकही दगड उचलला नाही. आईला चिखलात उभं राहता येईना, तिला खुर्चीवर बसवून चौघांनी दाराच्या डाव्या अंगाला नेलं. तिने चाचपून आपल्या न्हाणीचा दगड काढला. साबण घासून घासून एका बाजूने गुळगुळीत झालेला. तो तिने मांडीवर घेतला.

गाळ काळा होता, लोण्यासारखा. त्यात पानं होती. खरी पानं, शिरा दिसणारी, पन्नास वर्षांपूर्वी पडलेली. माणसं ती बघून फावडी थांबवायची. ट्रॅक्टर भरभरून तो गाळ माळावर गेला. शेवटच्या ट्रॅक्टरमध्ये, ओल्या पोत्यांवर, सोमजाईचा तांदळा, म्हणजे तिची बिनघडीव शिळा, गेला. माळावर बेहडा, जांभूळ, ऐन, नाणा यांची रोपं आधीच आणून ठेवली होती. पान तिच्या पायाशी पोचलं.

त्यानंतरच्या पहाटे मी कुंभेरीला गेले. नोकरी दुसऱ्या खात्यात होती, पण मुकादम सरांनी शेवटची मोजणी ठेवली होती. आई काठावर आधीच बसली होती, दगड मांडीवर घेऊन. मी त्याच जागी उभी राहिले. सूर्य यायचा होता, हवा तशीच थंड, तशीच थांबलेली.

मी चष्मा लावला. आरसे आपलं काम करत होते, किरण दरीभर विणलेले होते, फणीचे सगळे दात जागेवर परत येत होते. हवेत काहीच नव्हतं. एक निळा धागासुद्धा नव्हता.

मग मी चष्मा काढला.

समोर, उघड्या तळात, काळी, ओली, उंच, आपापल्या जागी, राई उभी होती.